गळाचा दोरा माशाला दिसतो का?

काचेच्या पेल्यात पाणी घ्या. आपण ज्याला तंगूस म्हणतो त्या नायलॉनच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा आणि तेवढ्याच जाडीचा फ्लुओरोकार्बनचा तुकडा त्यात उभे सोडा. आता पेला खिडकीकडे धरा. फ्लुओरोकार्बन जरा फिका वाटेल, पण दिसतील दोन्ही. आणि ‘पाण्यात अदृश्य’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो तो हाच फ्लुओरोकार्बन.

हा दोरा सर्वांत जास्त चर्चेत असतो तो अमेरिकेत, बास गरवणाऱ्यांमध्ये. मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ आणि लहान तोंडाचा स्मॉलमाउथ हे तिथल्या तळ्या-नद्यांतले लाडके मासे. (आपल्या रायगडातल्या जिताड्यालाही इंग्रजीत सी बास म्हणतात, पण तो निराळ्या कुळातला. सारखेपणा नावापुरता.) नितळ पाण्यात कोणता दोरा, गढूळ पाण्यात कोणता, यावर तिथे अखंड वाद चालतो. मला वाटतं, या वादात दिसण्या-न-दिसण्याला जरा जास्तच महत्त्व मिळालं आहे. पाण्याचा रंग फार तर दोरा किती जाड चालेल हे सांगतो. बाकीचं तळातला झाडोरा आणि पाण्यात सोडलेलं आमिष ठरवतं.

आधी दोरे पाहू. नायलॉन हे वॉलेस कॅरोदर्स आणि ड्युपाँट कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं काम, १९३५ सालचं. त्याआधी गळाला रेशमाचा दोरा असे, आणि टोकाला रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेला पारदर्शक धागा. फ्लुओरोकार्बन जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणला. पॉलीव्हिनिलिडीन फ्लोराइड नावाच्या प्लास्टिकचा तो बनतो. तिसरा म्हणजे विणलेला दोरा, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पॉलिथिलीनचे बारीक तंतू गुंफून तो करतात. गोळी अडवणारी काही जाकिटंही याच तंतूंची असतात. त्यामुळे २० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९ किलो ताण सोसणारा ब्रेड ७-८ पौंडांच्या नायलॉनइतकाच बारीक असतो. मात्र तो अपारदर्शक.

दोरा पाण्यात दिसतो याचं मूळ अपवर्तनांकात, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो ते सांगणाऱ्या आकड्यात आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा साधारण १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. दोन पदार्थांच्या या आकड्यांत जितकी तफावत, तितका त्यांच्या सीमेवरून प्रकाश जास्त परततो. हिशेब केला तर पाण्यातल्या नायलॉनवर समोरून पडणाऱ्या प्रकाशातले हजारात ५ भाग परततात, फ्लुओरोकार्बनवरून १. पाचपट फरक म्हणजे जाहिरातीला पुरेसा! पण दोरा गोल असतो. एखाद्या लांबट भिंगासारखा तो मागून येणारा प्रकाश वाकवतो, आणि कडेला तिरपा लागणारा प्रकाश दोन्हींवरून भरपूर परततो. पेल्यात दोन्ही दिसले ते यामुळेच. अपवर्तनांक पाण्याच्या आकड्याला तंतोतंत भिडला तरच दोरा खरोखर नाहीसा होईल, आणि १.४२ म्हणजे १.३३ नव्हे.

शिवाय मासा दोऱ्याकडे पुष्कळदा खालून बघतो. पाण्याखालून वर पाहिलं की बाहेरचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या उजळ खिडकीवर आडवा आलेला कोणताही दोरा गडद रेघ होऊन उमटतो. तिथे ब्रेड सर्वांत ठळक, पण नायलॉन आणि फ्लुओरोकार्बनही पूर्णपणे सुटत नाहीत. त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे दोराच बारीक घ्यायचा. बासची नजर माणसाइतकी बारकावे टिपणारी नसते, त्यामुळे जाडी कमी केली की ती रेघ थोड्याच अंतरावर त्याच्या दृष्टीतून सुटते. नितळ पाण्यात ६ ते ८ पौंडांचा, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा दोरा वापरतात. त्यामागचं मुख्य शास्त्र एवढंच आहे.

रंगाचंही असंच. लाल दोरा पाण्यात नाहीसा होतो, असं सांगून तो विकला जातो. युक्तिवाद असा, की लाल प्रकाश पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो. शोषला जातो हे खरं. पण लाल प्रकाश पोचला नाही म्हणजे लाल वस्तू काळपट दिसते, नाहीशी होत नाही. त्यातही लार्जमाउथ ज्या कमरेएवढ्या-पुरुषभर पाण्यात असतो, तिथे पुरेसा लाल प्रकाश पोचतोच. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की लार्जमाउथच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारी. शिकवल्यावर हे मासे लाल रंग अगदी चोख निवडतात. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत मात्र ते गोंधळतात, तसेच निळा आणि काळा यांतही. म्हणजे बासपासून लपवायला लाल हा सर्वांत वाईट रंग ठरावा.

आता पाणी. मिशिगन आणि ओंटारिओ यांच्यामध्ये सेंट क्लेअर नावाचं तळं आहे, डेट्रॉइटच्या शेजारी. विस्ताराने मोठं, पण सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर. १९८८ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. मालवाहू जहाजं तोल राखायला जे पाणी भरून घेतात, त्यातून ते युरोपातून आले होते. अंगठ्याच्या नखाएवढा एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो, आणि शिंपले होते अगणित. पाण्यातली सूक्ष्म वनस्पती त्यांनी गाळून खाल्ली आणि तळं नितळ होत गेलं. समुद्रापलीकडून आलेल्या एका प्राण्याने स्मॉलमाउथ गरवणाऱ्यांना बारीक दोऱ्याकडे वळवलं, असं म्हटलं तर चुकणार नाही. पण गोष्ट इथे थांबत नाही. पाणी नितळ झालं तसा सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचला, आणि तिथे पाणवनस्पती वाढल्या. पाण्याचा रंग म्हणतो बारीक दोरा घ्या, आणि तळातला झाडोरा म्हणतो मजबूत घ्या. जैव आक्रमणाने परिसंस्था बदलते हे आपण पुस्तकात वाचतो. इथे ते दोऱ्याच्या रिळावर वाचता येतं.

फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीची गोष्ट निराळी. तिचं पाणी पुष्कळ ठिकाणी कोऱ्या चहासारखं असतं, आणि कारणही चहाचंच. दलदलीत कुजणाऱ्या पानांतून टॅनिनसारखे पदार्थ पाण्यात उतरतात. इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण ‘रंगीत पाणी’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. पावसानंतरच्या गढूळ पाण्यात मातीचे कण तरंगतात आणि प्रकाश चोहीकडे विखुरतात, जणू धुकंच. त्यात हातभर अंतरावरची वस्तूही पुसट होते, मग दोऱ्याची काय कथा. चहाच्या पाण्यात कण फारसे नसतात. त्यात विरघळलेले पदार्थ निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात आणि तांबूस प्रकाश खोलवर जाऊ देतात. त्यामुळे असं पाणी अंधारं असलं तरी धूसर नसतं. जवळच्या वस्तू, विशेषतः वरच्या उजेडावर, त्यात नीट उठून दिसतात. लाल दोऱ्याचा दावा सर्वांत जास्त कोसळतो तो याच पाण्यात.

गढुळात बास डोळ्यांवर कमी विसंबतो. अंगाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेखेतल्या संवेदी पेशी पाण्याची बारीकशी हालचाल टिपतात. त्यामुळे तिथे खळखळणारं, धडधडणारं आमिष लावतात आणि दोरा बेलाशक जाड घेतात.

फ्लोरिडात जाड दोरा लागतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिलाच्या फांद्या ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे पाहिल्याचं आठवत असेल. तीच हायड्रिला १९५० च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांत बेफाम माजली. तिच्या जाळीत दडलेला बास गळाला लागला की पहिली उसळी खाली, झाडोऱ्यात घेतो. त्याला तिथून उपसून काढायला ५० ते ६५ पौंडांचा ब्रेड लागतो, आणि ताणला की तो देठ कापतही येतो. एवढ्या दाट हिरवाईत, आमिष पुढ्यात पडताच क्षणात निर्णय घेणाऱ्या माशाला दोरा निरखायला सवड कुठली!

दोऱ्याची घनता हा विषय मात्र मागेच पडतो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी १ धरलं तर नायलॉन १.१४, फ्लुओरोकार्बन १.७८ आणि ब्रेड ०.९७. म्हणजे ब्रेड तरंगतो, नायलॉन हळूहळू बुडतो आणि फ्लुओरोकार्बन सरळ खाली जातो. पृष्ठभागावर नाचवायच्या आमिषाला फ्लुओरोकार्बन बांधला तर त्याचं नाक पाण्यात खुपसलं जातं. तळाशी सरपटवायच्या रबरी गांडुळाला मात्र तोच उत्तम, कारण दोरा वर कमानीसारखा फुगत नाही आणि माशाची टोच हाताला कळते. नितळ पाण्यात फ्लुओरोकार्बनने मासे जास्त लागतात हा गरवणाऱ्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. फक्त त्याचं श्रेय त्याच्या बुडण्याला आणि बारीकपणाला द्यायला हवं असं वाटतं.

ताण सोसण्यातही फरक आहे. नायलॉन तुटण्याआधी चांगला ताणला जातो, ब्रेड जवळजवळ नाही. फ्लुओरोकार्बन ताणत नाही असा समज पसरला आहे, पण तोही बऱ्यापैकी ताणतो. तीन काट्यांचे छोटे गळ लावलेल्या आमिषाला नायलॉनची ती लवचीकता उपयोगी पडते, माशाने झटका दिला तरी तोंड फाटून गळ सुटत नाही. मात्र नायलॉन पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर थोडा कमजोर पडतो.

म्हणून हल्ली बरेच जण रिळावर ब्रेड ठेवतात आणि टोकाला चार-सहा हात फ्लुओरोकार्बन जोडतात, त्याला लीडर म्हणतात. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करतात, कारण कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लुओरोकार्बन तिथेच दुबळा होतो. दगडाला, शिंपल्यांना घासलेला लीडर डोळ्यांना ठीक दिसतो. तो दोन नखांच्या चिमटीतून हळू ओढायचा. कुठे खरखर लागली तर त्याच्या वरून कापून गाठ नव्याने बांधायची.