सौर सेल आणि चार्जिंगचा सेल: वीज कोण करतं, कोण सांभाळतं?

सौरदिव्याचा प्रकल्प करायला बसलेल्या मुलाला विचारून पाहा, ‘रात्री दिवा कशावर लागतो?’ बरीच मुलं निळ्या प्लेटकडे बोट दाखवतात. दिवसा ऊन तिच्यात साठतं आणि रात्री बाहेर येतं, असं त्यांना मनापासून वाटत असतं. दोष मुलांचा नाही, शब्दाचा आहे. प्लेटमधल्या पट्ट्या म्हणजे सोलर सेल, आणि खालच्या डबीत बसतो तोही सेलच. पुस्तकी मराठीत तर घोटाळा वाढतोच: सौर घट आणि विद्युत घट. घट म्हटलं की डोळ्यांपुढे घडा येतो, काहीतरी भरून ठेवायची वस्तू. सौर घटात मात्र थेंबभरही वीज साठून राहत नाही.

सौर सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिचे दोन थर थोडे वेगवेगळे बनवलेले असतात. उजेड पडला की आतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, थरांच्या सीमेवरचं विद्युत क्षेत्र त्यांना एका बाजूला लोटतं, आणि तारा जोडल्या की प्रवाह सुरू होतो. उजेड गेला की त्याच क्षणी वीजही गेली. या सगळ्यात आतलं काही खर्च होत नाही, म्हणून हा सेल वर्षानुवर्षं टिकतो.

चार्जिंगच्या सेलचा उजेडाशी संबंधच नाही. त्याच्यात बाहेरून वीज ढकलली की आतली रसायनं बदलतात, आणि दिवा जोडला की तोच बदल उलटा होऊन वीज परत मिळते. काही शे वेळा भरून-रिकामा केल्यावर तो थकतो.

मुलांना हा फरक सांगताना मला व्हॅनगार्ड-1 हा छोटा उपग्रह हमखास आठवतो. अमेरिकेने तो 17 मार्च 1958 रोजी सोडला. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक बॅटरीवर चालणारा आणि दुसरा अंगावर बसवलेल्या सहा सौर सेलांवर चालणारा. त्यातली बॅटरी पुन्हा भरता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे तिच्यावरचा ट्रान्समीटर त्याच वर्षी जूनपर्यंत गप्प झाला. सौर सेलांवरचा 1964 पर्यंत संदेश पाठवत होता.

दोन्ही सेलांत एक साम्यही आहे, आणि त्यानेच मुलं जास्त गोंधळतात. दोघांचा व्होल्टेज आकारावर ठरत नाही. सिलिकॉनचा सौर सेल नखाएवढा असो की तळहाताएवढा, काम करताना साधारण 0.5 व्होल्टच देतो. निकेल-मेटल हायड्राइडचा चार्जिंगचा सेल जाड असो की बारीक, 1.2 व्होल्टचाच. मग मोठा घेऊन मिळतं काय? मोठ्या सौर सेलातून प्रवाह जास्त येतो, मोठ्या चार्जिंगच्या सेलात साठा जास्त मावतो. व्होल्टेज वाढवायचा तर दोन्हीकडे एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडणीच करावी लागते. म्हणून 6 व्होल्टच्या प्लेटवर 12 पट्ट्या असतात. मुलाला त्या मोजायला लावा, भागाकार त्याचा तोच करील. एकसर जोडणी असल्यामुळे एकाच पट्टीवर बोट ठेवलं तरी अख्ख्या प्लेटचा प्रवाह घसरतो, हेही लगेच दाखवता येतं.

आता बांधणी. माझा आग्रह असा की पहिल्या दिवशी चार्जिंगचे सेल पेटीतून बाहेर काढूच नयेत. नुसती प्लेट, प्रवाह आटोक्यात ठेवणारा 150 ओहमचा रोध आणि पांढरा एलईडी जोडून उन्हात न्या. मुलाने प्लेटवर हात धरला की दिवा विझतो, काढला की लागतो. हे स्वतःच्या हाताने केल्यावर ‘ऊन साठतं’ ही कल्पना आपोआप गळून पडते.

दुसऱ्या दिवशी 600 मिलिअँपिअर-तास साठा मावणारे तीन चार्जिंगचे सेल एकसर जोडा. त्यांचे 3.6 व्होल्ट होतात, आणि पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. इथे रोध 47 ओहमचा पुरतो. प्लेट आणि सेल यांच्यामध्ये डायोड हवाच. अंधारात प्लेट वीज देत नाही, उलट सेलांमधली थोडी थोडी वीज मागे तिच्यात झिरपते. डायोड हे दार एकाच बाजूला उघडं ठेवतो. डायोडवर पट्टी रंगवलेली बाजू सेलांच्या धन टोकाकडे यायला हवी. प्लेट 60 मिलिअँपिअर देणारी घेतली तर सेल सावकाश भरतात आणि वेगळं चार्जिंग सर्किट लागत नाही.

एक गोष्ट मोठ्यांनी स्वतः तपासावी. रिमोटमध्ये घालतो तो साधा सेल इथे कधीही बसवू नये. त्याच्यात वीज भरायला गेलं तर तो तापतो, गळतो. लिथियमचे सेलही मुलांच्या हाती नकोत, त्यांना संरक्षक सर्किट लागतं.

प्रदर्शनाच्या दिवशी हमखास होणारी फजिती म्हणजे खोलीतल्या दिव्याखाली प्लेट ठेवून दिवा लागायची वाट पाहणं. लक्स या उजेडाच्या मापात दुपारचं ऊन सुमारे 1,00,000 असतं, उजळ खोलीतला जेमतेम 500. तेवढ्या उजेडात प्लेटमधून दिवा लागण्याइतकी वीज मिळत नाही. सेल आदल्या दिवशीच चार तास कडक उन्हात भरून घ्या. 60 मिलिअँपिअरच्या प्रवाहाने चार तासांत 240 मिलिअँपिअर-तास आत जातात, थोडे वाया गेले तरी दिवा सात-आठ तास सहज चालतो. प्लेट टेबलावर पालथी ठेवली तरीही.