यकृतावरचा उपचार आणि जठरातला व्रण

यकृताच्या कर्करोगावर किरणोत्सारी मण्यांचा उपचार झाल्यावर काही आठवड्यांनी रुग्णाच्या पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, मळमळ सुरू झाली आणि जेवण जाईनासे झाले, की घरातली माणसे ती ॲसिडिटी समजून दुकानातून गोळ्या आणतात. अशा दुखण्यामागे जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला पडलेला व्रण, म्हणजे अल्सर, असू शकतो. हे क्वचितच घडते, पण घडले तर त्याचे मूळ त्या उपचारात असू शकते.

यकृताला मिळणारे सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृत धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र बहुतांशी धमनीवरच पोसली जाते. म्हणून डॉक्टर मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी या धमनीपर्यंत नेतात आणि यिट्रियम-९० हे किरणोत्सारी मूलद्रव्य असलेले काचेचे किंवा रेझिनचे लाखो मणी गाठीकडे सोडतात. एकेका मण्याचा व्यास २० ते ६० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो. त्याचे किरण ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटरच शिरतात आणि दर ६४ तासांनी किरणोत्सार निम्मा होतो.

अडचण अशी की, जठराला आणि आतड्याला रक्त देणाऱ्या काही फांद्या याच धमनीच्या परिसरातून निघतात आणि त्यांची ठेवण माणसागणिक बदलते. गाठीतल्या वाहिन्या भरत आल्या की प्रवाह मंदावतो, मणी उलटे सरकून अशा फांदीत जाऊ शकतात आणि त्यांच्या किरणांनी तिथे व्रण पडू शकतो. त्यामुळे आधी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्र घेणारी तपासणी) करून धोक्याची फांदी गरजेनुसार धातूच्या कॉइलने बंद करतात, शिवाय टेक्नेशियम-९९एम हे स्कॅनवर दिसणारे किरणोत्सारी द्रव्य लावलेले अल्ब्युमिन या प्रथिनाचे कण सोडून ते कुठे जातात हे स्कॅनवर पाहतात. माझ्या मते सगळ्या उपचारातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

इतके करूनही व्रण झाला, तर दुर्बिणीने (एंडोस्कोपीने) तिथून काढलेल्या तुकड्यात, सूक्ष्मदर्शकाखाली, जठराच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेले वाटोळे मणी स्पष्ट दिसतात. हा व्रण आम्लामुळे झालेला नसल्याने आम्ल कमी करणारी औषधे दिली तरी तो सावकाश भरतो, कधी महिने लागतात आणि मोजक्या रुग्णांत शस्त्रक्रियाही करावी लागते. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर तातडीने रुग्णालय गाठावे. दुर्बीण तपासणीच्या वेळी यकृतावरच्या उपचाराचे कागद सोबत न्यावेत, कारण ते मणी कसले आहेत हे तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्यावरूनच उमगते.