किल्लारी : ३० सप्टेंबरच्या आठवणींमागचा इतिहास

सप्टेंबर सरत आला की लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर, तेरणा नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत १९९३च्या भूकंपाच्या आठवणी निघतात. त्या ऐकताना एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. सांगणारा माणूस क्वचितच पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांपासून सुरुवात करतो. तो आदल्या रात्रीच्या गणेश विसर्जनापासून सुरुवात करतो, आणि त्याला थोडा वेळ बोलू दिले तर आदल्या वर्षीच्या गडगडाटापर्यंत मागे जातो. जवळचे माणूस गेल्याचे दुःख तर या आठवणींत आहेच, पण त्यात ‘आम्हाला कळत होते’ ही बोच आहे आणि ‘तरीही आम्ही घरात झोपलो’ हा सल आहे. हे तिन्ही भाव एकमेकांत इतके गुंतलेले का, हे त्या पहाटेच्या आधीच्या आणि नंतरच्या घडामोडी पाहिल्याशिवाय कळत नाही.

किल्लारी परिसरातील जमीन १९९२च्या पावसाळ्यापासूनच हलत होती. पुढील काही महिन्यांत जाणवण्याजोगे शंभराहून अधिक लहानमोठे धक्के बसले. त्यांतील १८ ऑक्टोबर १९९२चा धक्का सर्वांत मोठा होता आणि त्याने घरांच्या भिंतींना तडे गेले. जमिनीच्या पोटातून येणारा आवाज आणि त्यापाठोपाठ वाजणारी भांडी यांचा धसका घेऊन लोक अंगणात, मळ्यात, झाडाखाली झोपू लागले. गाव दुसरीकडे हलवावे अशी मागणीही झाली. परंतु १९९३च्या उन्हाळ्यापर्यंत धक्के मंदावले. शेतीची कामे, लग्नसराई आणि मग पावसाळा आला. बाहेर झोपणे किती काळ शक्य असते? माणसे पुन्हा घरात आली. भूकंपातून वाचलेल्या पिढीच्या मनातील सर्वांत अवघड जागा हीच आहे, असे मला वाटते. घरात परतण्याचा निर्णय कुणी मूर्खपणाने घेतला नव्हता. पावसाने आणि थकव्याने तो घ्यायला लावला. तरीही त्याचा दोष अनेकांनी आयुष्यभर स्वतःकडेच ओढून घेतला.

त्या वेळी यंत्रणेला आणि जाणकारांनाही मोठ्या भूकंपाची शक्यता का दिसली नाही, याचेही कारण आहे. महाराष्ट्राच्या मनात भूकंप म्हणजे कोयना, हे समीकरण ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेपासून पक्के झाले होते. त्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर भूकंपाचा विषय निघाला की पश्चिम घाटाचेच नाव पुढे येई. दख्खनच्या पठाराचा हा पूर्वेकडील भाग मात्र भूशास्त्राच्या दृष्टीने स्थिर मानला जात असे, आणि भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी नंतर अनेकदा सांगितलेली हकिकत याच संदर्भात वाचली पाहिजे. राज्यातील विसर्जन मिरवणुका शांततेत पार पडल्याची खात्री करून ते मुंबईत नुकतेच आडवे होत असताना खिडक्यांची तावदाने हादरली, आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती कोयनेला. भूकंपाचे केंद्र किल्लारी असल्याचे त्यांना तेथूनच कळले.

विसर्जनाचा संदर्भ प्रत्येकाच्या बोलण्यात येतो, कारण २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस होता. गावोगावी मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या. दमलेली माणसे मध्यरात्रीनंतर गाढ झोपली. मिरवणुकीमुळे जे त्या वेळीही घराबाहेर होते, किंवा देऊळ, पार, मोकळे मैदान अशा ठिकाणी पडले होते, त्यांच्यापैकी काही जण केवळ त्यामुळे वाचले. एकाच घरातील कोण आत होते आणि कोण बाहेर, यावर सगळे ठरले. वाचलेल्यांच्या सांगण्यात झोपण्याच्या जागेचा तपशील इतक्या बारकाईने का येतो, कोण कोणत्या खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या कोणत्या भागात होते, कोणाची बाज कोणत्या भिंतीला लागून होती, हे त्यामुळेच समजते.

ती घरे कशी होती, हे येथे नीट सांगायला हवे. मराठवाड्याच्या या पट्ट्यात गावठाणाची जागा म्हणजे पांढरी. तिथली पांढरी माती आणि रानातला दगड यांवरच घरे उभी राहत. दोन-अडीच फूट, कधी त्याहून जाड अशा ओबडधोबड दगडांच्या भिंती मातीत रचलेल्या असत. आत लाकडी खांब आणि तुळया, आणि त्यांवर फळ्या किंवा काटक्या पसरून मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, पावसात गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर नवी माती चढते आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे ओझे वाढत जाते. भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन पदर एकमेकांत बांधलेले नसत. जमीन आडवी हलताच ते पदर सुटले, दगड आत कोसळले आणि त्यांवर माती आली. भूकंपाची तीव्रता अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदीप्रमाणे ६.२ आणि भारतीय हवामान खात्याप्रमाणे ६.४ होती. जगातील इतर भूकंपांशी तुलना करता हा आकडा फार मोठा नाही. परंतु केंद्र जमिनीखाली अगदी उथळ होते, वेळ गाढ झोपेची होती आणि डोक्यावर कित्येक टन माती होती. काही घरांत लाकडी सांगाडा जागच्या जागी उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. ज्यांच्या माथ्यावर असा शाबूत खण राहिला, ती माणसे मातीखालून जिवंत निघाली.

अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्यू पावली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. अनेक लेखांत मृतांचा आकडा १० हजारांच्या घरात दिलेला आढळतो. किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी, मंगरूळ, एकोंडी, राजेगाव, पेठसांगवी अशी ५२ गावे जवळजवळ भुईसपाट झाली. पंधरा हजारांहून अधिक जनावरेही गेली. शेतकरी कुटुंबांच्या आठवणीत माणसांच्या शेजारीच बैलांची नावे येतात, त्याचे ऐकणाऱ्याने नवल मानू नये.

बाहेरच्या महाराष्ट्राला हा धक्का बसला तेव्हा तो आधीच घायाळ होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबईत दंगली झाल्या होत्या, १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोटांची मालिका झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीला आकाशवाणी, दूरदर्शन आणि वृत्तपत्रांतून किल्लारीची बातमी घरोघरी पोहोचली. तेव्हा शाळकरी वयात असलेल्या अनेकांच्या लेखी मदतफेरी, कपड्यांची गाठोडी, धान्याची पोती आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रे हीच त्या दिवसांची आठवण आहे. गावोगावच्या मंडळांनी, विद्यार्थ्यांनी, कामगारांनी वर्गणी काढली. देशभरातून आणि परदेशांतून मदत आली. मुंबईतल्या ज्या मोहल्ल्यांत वर्षाच्या सुरुवातीला माणसे एकमेकांना पारखी झाली होती, तिथूनही मदत निघाली, आणि त्या वर्षी त्याला विशेष अर्थ होता.

गावात उरलेल्यांचे दिवस निराळे होते. भूकंपापाठोपाठ पाऊस आला. ओल्या मातीखालून माणसे काढणे अधिकच कठीण झाले. लष्कराचे जवान, पोलिस, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि शेजारच्या गावांतील माणसे हातांनी, फावड्यांनी ढिगारे उपसत होती. पाहायला आलेल्या गर्दीने रस्ते अडले, त्याचा राग अजूनही लोकांच्या बोलण्यात आहे. चार दिवसांहून अधिक काळ ढिगाऱ्याखाली राहिलेली एक तान्ही मुलगी लोखंडी खाटेच्या आडोशाने जिवंत सापडली आणि लष्करी अधिकाऱ्याने तिला बाहेर काढल्याची बातमी देशभर गेली. ती बातमी खरी होती, आणि तिने अनेकांना धीर दिला. परंतु प्रत्येक गावात त्या दिवसांत मुख्यतः सामुदायिक चिताच पेटत होत्या. पडलेल्या घरांचेच लाकूड त्यांना वापरले गेले. ज्या तुळईखाली संसार झाला तिच्यावरच माणसे ठेवावी लागली. या भागात लिंगायत आणि मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि त्यांच्यात दफनाची रीत आहे. अनेक कुटुंबांना ती पाळता आली नाही. काहींना आपले माणूस कोणत्या चितेवर गेले हेही कळले नाही. रडायला, दिवस घालायला, दहावे-तेरावे करायला घर नव्हते, अंगण नव्हते आणि कित्येकदा करणारेही उरले नव्हते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. आपल्याकडे आपत्तीनंतरच्या मनाच्या जखमांकडे इतक्या गांभीर्याने पाहण्याचे ते सुरुवातीचे प्रयत्न होते.

त्यानंतर आले पुनर्वसन, आणि आठवणींचा दुसरा मोठा भाग त्याच्याभोवती आहे. जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या कार्यक्रमात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, आणखी २२ गावे होती त्याच जागी बांधायची आणि १३ जिल्ह्यांतील बाकीच्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे, असे ठरले. नव्या गावातील घराचा आकार जमिनीवर अवलंबून होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढे ७५०. अनेक गावे दानशूर संस्थांनी आणि उद्योगसमूहांनी बांधून दिली. दगडाची दहशत इतकी होती की लोकांनी दगडी भिंत नकोच म्हटले. माळवदाच्या जागी सिमेंटचे छत, बोळांच्या जागी सरळ रुंद रस्ते, आणि ओळीने मांडलेली घरे आली.

या घरांनी सुरक्षितता दिली, यात शंका नाही. पण जुन्या गावात भावकी आणि शेजार यांनी जी जवळीक बांधली होती, ती नव्या आखणीत विखुरली. शेत लांब पडले. जनावरांना, वैरणीला, बलुतेदारांच्या कामाला नव्या घरात जागा नव्हती. एकत्र कुटुंबे सुटी झाली. म्हातारी माणसे बरीच वर्षे जुन्या गावठाणात जाऊन पडक्या जोत्यांवर बसत. नियोजनकर्त्यांच्या हिशेबात चौरस फूट होते, आणि घाईच्या त्या दिवसांत ते समजण्यासारखेही आहे. तरी ज्या माणसांना विधिवत निरोप देता आला नव्हता, त्यांची आठवण ठेवण्याची एकमेव जागा ती जुनी पांढरीच होती. ती सोडताना लोकांना काय वाटत असेल, हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही.

दोन कामांचा उल्लेख वेगळा करायला हवा. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्या आठवणींत गाव, पोरकेपण आणि वसतिगृह एकत्र आहे. दुसरे काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचे. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावातील बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले गेले. बांधकामाचे तंत्र, अनुदानाचे हप्ते, सरकारी कागद यांविषयी ज्या बायकांना तोवर कुणी विचारले नव्हते, त्या ग्रामसभेत बोलू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांतील काही जणी तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गुजरातला गेल्या. स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकते, हे त्यांना तिथे प्रत्यक्ष अनुभवता आले.

विज्ञानाच्या बाजूनेही बराच शोध झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात वरचा सुमारे ३३८ मीटरचा थर काळ्या बेसाल्टचा आणि खाली पुरातन खडक सापडला. भारतीय भूपट्टाच्या उत्तरेकडील रेट्याने साचलेला ताण जुन्या कमकुवत भेगेवर मोकळा झाला, हे स्पष्टीकरण बहुतेकांनी मान्य केले. लोकांचा संशय मात्र माकणीच्या निम्न तेरणा धरणावर होता, आणि कोयनेचा भूकंप तिथल्या धरणाच्या पाणीसाठ्याशी जोडला जात असल्यामुळे तो निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. शास्त्रज्ञांमध्येही त्यावर चर्चा झाली. २००२मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलला, पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

दर ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी पोलिसांकडून मानवंदना दिली जाते. गावकरी त्या तारखेला काळा दिवस म्हणतात. कुटुंबांसाठी मात्र तारखेइतकीच तिथीही जिवंत आहे, त्यामुळे काही घरांत गणपतीचे शेवटचे दिवसही जड जातात. भूकंपानंतर जन्मलेल्यांकडे स्वतःची आठवण नाही. त्यांच्याकडे आहेत सरकारी नोकरभरतीतील दोन टक्के समांतर आरक्षणासाठीचे भूकंपग्रस्ताचे प्रमाणपत्र, आजीच्या तोंडून ऐकलेली नावे आणि आता तिशी ओलांडलेली, गळू लागलेली पुनर्वसनातील घरे.

सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी गावात जमिनीतून आवाज येऊ लागले आणि सौम्य धक्केही नोंदले गेले. लोक घरे सोडून बाहेर झोपू लागले, आणि त्यांना कुणी भित्रे म्हटले नाही. प्रशासनाचे अधिकारी आणि भूगर्भाचे अभ्यासक गावात पोहोचले, जमिनीतील हालचाली मोजण्याची व्यवस्था झाली आणि गावकऱ्यांशी बोलणे झाले. १९९२च्या हिवाळ्यात किल्लारीच्या लोकांना हवे होते ते एवढेच होते.