भाडे गोठले, तुळया कुजल्या : मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींची पार्श्वभूमी

मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, भाडेकरूंच्या हजारो जुन्या इमारती ‘उपकरप्राप्त’, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, गणल्या जातात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ मध्ये आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ मध्ये. त्यांच्या दुरुस्तीचा पैसा कोणी द्यायचा, हा घोळ १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासूनचा आहे.

त्या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. भाडेकरूला रस्त्यावर न येण्याची हमी मिळाली, आणि ती हवीच होती. चूक झाली ती महागाईबरोबर भाडे थोडेथोडे वाढू न देण्यात. मालकाने हात आखडता घेतला. खोली हस्तांतरित होताना पागडीचा पैसा फिरे, पण तो इमारतीवर खर्च होण्याचे बंधन नव्हते.

इमारत मात्र झिजत राहिली. लाकडी सांगाड्यात तुळईचे भिंतीत रुतलेले टोक आधी कुजते, कारण तिथली ओल वाळत नाही. शौचालये आणि मोऱ्यांच्या बाजूला हे सर्वांत लवकर घडते. लोखंडी तुळया असतील तर गंजून फुगतात आणि भोवतालचे बांधकाम फोडतात. वरून गिलावा करून हे थांबत नाही. टेकू दिला तरी तो खालपर्यंत भक्कम जमिनीवर टेकलेला हवा, नाहीतर भार खालच्या मजल्याच्या तुळईवर येतो.

१९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा कायदा १९७६ चा, त्यानंतर मंडळ म्हाडात विलीन झाले. दुरुस्तीवर प्रति चौरस मीटर खर्चमर्यादा असते. वरचा खर्च रहिवाशांनी उचलला नाही, तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरू शकते आणि बिऱ्हाडे संक्रमण शिबिरात जातात. तिथला ‘तात्पुरता’ मुक्काम अनेक कुटुंबांसाठी वर्षानुवर्षे लांबला.

भाडेकरूंना खरे बळ देणारी तरतूद १९८६ ची. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या १०० पट रकमेत इमारत संपादित करून संस्थेला देता येते. मालकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने मूळ घटनात्मक प्रश्नावर, म्हणजे खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती मानता येते का यावर, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला : प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही.

दरम्यान डिसेंबर १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने भाडे गोठवणे अवाजवी ठरवले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पायाच इतका खालचा, की त्या पैशात जिनाही नीट होत नाही.

मग भर पुनर्विकासावर आला. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली विकासक जास्तीचे चटईक्षेत्र विकतो आणि भाडेकरूला मालकीचे घर मोफत मिळते. पण लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणेचा मासिक देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पट असतो. करारात देखभाल निधी नसेल, तर मोफत घरही परवडत नाही.

म्हाडा कायद्यातल्या नव्या ७९-अ कलमानुसार धोकादायक इमारतीच्या मालकाला प्रस्तावासाठी ६ महिने मिळतात. तो हलला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला आणखी ६ महिने, सोबत ५१ टक्के संमती. भाडेपावतीवर आजोबांचेच नाव असेल तर वारसांची सही कोणाची, यावर हा अवधी सहज संपतो. म्हणून पावत्या वारसांच्या नावे करण्याचे काम नोटीस यायच्या आधीच उरकायला हवे.