पार्श्वभूमी : क्षेपणास्त्राची ढाल आणि चोरवाटेने येणारा बॉम्ब

१९७२ चा एबीएम करार (क्षेपणास्त्ररोधक यंत्रणांवर मर्यादा घालणारा, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला) आणि १९८३ मधली ‘स्टार वॉर्स’ची, म्हणजे अवकाशातून क्षेपणास्त्रं रोखण्याच्या अमेरिकी योजनेची, घोषणा यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. अमेरिकेने आधी कशापासून वाचायचं, क्षेपणास्त्रापासून की चोरवाटेने येणाऱ्या बॉम्बपासून, या आजच्या वादाची गाठ बसली ती १९९८ ते २००२ या काळात. ऑगस्ट १९९८ मध्ये उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र जपानवरून गेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला : तंत्रज्ञान हाती येताच संरक्षण यंत्रणा उभारायची.

जानेवारी २००१ मध्ये मात्र दोन्ही पक्षांतल्या जाणत्यांच्या एका गटाने निराळाच इशारा दिला. रशियातले अण्वस्त्रसाठे नीट राखले जात नाहीत, त्यातला माल दहशतवाद्यांच्या हाती पडू शकतो आणि सर्वांत तातडीचा धोका हाच आहे. आठ-दहा वर्षांत सुमारे ३० अब्ज डॉलर त्यावर खर्च करा, असं गटाचं म्हणणं होतं. नव्या सरकारने त्याच वर्षी क्षेपणास्त्र संरक्षणासाठी ८.३ अब्ज डॉलर मागितले आणि साठ्यांच्या रखवालीला कात्री सुचवली.

हा माल दिसतो केवढा? उच्च समृद्ध युरेनियम (बॉम्बला लागणारा अंश मुद्दाम वाढवलेलं) साधारण २५ किलो असलं की बॉम्ब होऊ शकतो, असा आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. युरेनियम शिशाच्या दीडपटीहून जड, म्हणून एवढा ऐवज सव्वा-दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत बसतो. १९९४ मध्ये कझाकस्तानातल्या उस्त-कामेनोगोर्स्कहून असं सुमारे ६०० किलो युरेनियम अमेरिकेने विमानांनी गुपचूप हलवलं होतं. (‘डर्टी बॉम्ब’ वेगळा : त्यात साध्या स्फोटकाने किरणोत्सारी भुकटी उडते, अणुस्फोट होत नाही. दोन्हींना सरसकट ‘आण्विक दहशतवाद’ म्हटल्याने चर्चा भरकटते.)

मग ११ सप्टेंबर आला. हल्लेखोरांकडे लहान पाती होती आणि विमानांची तिकिटं. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये एका वरिष्ठ सल्लागारांचं भाषण ठरलेलं होतं आणि त्यात भर होता क्षेपणास्त्र संरक्षणावर. धोका कुठल्या वाटेने येतो, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा होता? तरीही १३ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेने एबीएम करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि सहा महिन्यांनी, जून २००२ मध्ये, करार संपला. समर्थकांचा युक्तिवाद असा की हा करार शीतयुद्धातला, दोघांपुरता. तिसऱ्या देशाच्या क्षेपणास्त्रापुढे तो हात बांधतो. उत्तर कोरियाने २०१७ मध्ये घेतलेल्या आंतरखंडीय चाचण्या पाहता ते खोटं नव्हतं. पण क्षेपणास्त्र कुठून सुटलं हे रडारवर दिसतं आणि डागणाऱ्या देशाला प्रत्युत्तराची धास्ती असते. बोटीतून आलेल्या पेटीवर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. हे कोकणाला सांगायला नको : १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं.

पुढे अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून ४४ रोधक क्षेपणास्त्रं बसली. अण्वस्त्रसाठ्यांची चिंता २०१० ते २०१६ या काळात अणुसुरक्षेवर झालेल्या चार आंतरराष्ट्रीय शिखर परिषदांत पुन्हा वर आली. शेवटच्या परिषदेला रशिया आला नाही. अमेरिकेकडे निघणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच तपासायचा, असा कायदा २००७ मध्ये झाला. मुदत होती २०१२ ची. ती पुन्हापुन्हा वाढवली गेली. मे २०२५ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्रांविरुद्धच्या नव्या ढालीची घोषणा झाली, अवकाशातल्या रोधकांसह. खर्चाचा आकडा सांगितला गेला १७५ अब्ज डॉलर.