बरणीतली भांग

भांगेच्या झाडाला रोज अठरा तास उजेड दिला तर ते म्हातारं होत नाही. हे झाड मुळात एका वर्षाचं. रात्र लांबली की फुलायचं, बी धरायचं आणि वाळून जायचं, एवढाच त्याचा बेत. पण रात्र लांबूच दिली नाही, तर ते बिचारं फुलायचं विसरतं आणि वर्षानुवर्षं नुसत्या फांद्या फोडत बसतं. परवाना घेऊन औषधी लागवड करणाऱ्या हरितगृहांत अशी झाडं मुद्दाम सांभाळलेली असतात. त्यांना 'मदर प्लांट' म्हणतात. फांदी छाटायची, ओलसर माध्यमात खोचायची, मुळ्या फुटल्या की नवं रोप तयार. गुलाबाची काडी लावण्यापेक्षा यात फारसं वेगळं काही नाही.

इतकं सोपं असताना याच झाडाचा मिलिमीटरभर शेंडा काचेच्या बरणीत वाढवण्याचा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर झाडाच्या स्वभावात आहे, आणि थोडंसं कात्रीतही.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची लेकरं. पानांची भांग, मादीच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. यात नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि पराग वाऱ्यावर जातात. टीएचसी (नशा आणणारं) आणि सीबीडी (नशा न आणणारं) ही द्रव्यं मुख्यतः मादीच्या फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत तयार होतात. बी पेरलं तर निम्मी झाडं नर निघतात. उरलेल्या माद्या सख्ख्या बहिणी असल्या तरी एकीचा गुण दुसरीत उतरेलच असं नाही. फक्त माद्याच निघतील असं बी तयार करता येतं, पण म्हणून त्या बहिणी काही जुळ्या होत नाहीत. धागा काढायचा असेल तर हा फरक चालून जातो. औषधाला चालत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडिओलेक्स हे भांगेच्या झाडातल्या सीबीडीपासून बनवलेलं औषध अपस्माराच्या दोन दुर्मीळ आणि तीव्र प्रकारांसाठी मंजूर केलं. अशा औषधाला कच्चा माल पुरवायचा तर दर खेपेला झाड तेच हवं. तसंच चालणार नाही, तेच. म्हणून सगळा भर कलमांवर.

आणि कलमांत दोन भानगडी आहेत.

पहिली म्हणजे मदर प्लांट वाटतं तेवढं चिरतरुण नसतं. पेशी विभागताना जनुकसंचाची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. फांदी जितकी वर, तितक्या जास्त विभाजनांनंतरची. कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एकाच मदर प्लांटचे बुंध्याजवळचे, मधले आणि शेंड्याचे नमुने घेऊन जनुकसंच वाचले, तेव्हा शेंड्याकडे बदल जास्त साचलेले दिसले. म्हणजे एकाच झाडाच्या दोन फांद्यांची कलमं काटेकोरपणे एकसारखी नसतात. कलमाचं कलम, त्याचं पुन्हा कलम असं करत गेलं की हा कचरा वाढत जातो.

दुसरी भानगड जास्त महागात पडते. तिचं नाव हॉप लेटंट व्हायरॉइड. बियरला कडवटपणा देणारं हॉप्स हे भांगेचं जवळचं नातलग, दोघं एकाच कुळातले. हा रोग त्याच्यात दबा धरून असतो, म्हणून नावात 'लेटंट'. व्हायरॉइड म्हणजे विषाणूपेक्षाही कंगाल प्रकार. विषाणूला निदान प्रथिनाचं कवच असतं. याला तेही नाही. आरएनएची एक उघडी वर्तुळाकार माळ, बस. या माळेत मणी फक्त २५६. करोनाच्या विषाणूत ते सुमारे ३०,००० होते, यावरून अंदाज करा. एकही प्रथिन स्वतः बनवता न येणारी ही माळ झाडाचीच यंत्रणा वापरून आपल्या नकला काढून घेते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भांगेच्या झाडांत ती सापडल्याचं शोधनिबंधांतून समोर आलं. लागण झालेल्या झाडाची पेरं आखूड होतात, फुलोरा बारका राहतो, राळ कमी पडते. वाईट गोष्ट अशी, की कित्येक झाडं वरून ठणठणीत दिसतात आणि आतून रोग पाळत असतात. अशा मदर प्लांटची फांदी ज्या कात्रीने कापली, तीच कात्री न पुसता पुढच्या झाडाला लावली की संपलं. रसाबरोबर माळ पुढे जाते.

बरणीची गरज इथे लागते.

ऊतिसंवर्धन, म्हणजे आपण सगळे ज्याला टिश्यू कल्चर म्हणतो ते, या कल्पनेला शंभरावर वर्षं झाली. १९०२ मध्ये गॉटलीब हाबरलांट या शास्त्रज्ञाने मांडलं, की झाडाची एकेक पेशी अख्खं झाड घडवू शकली पाहिजे. त्याच्या पेशी जगल्या, फुगल्या, पण विभागल्या नाहीत. काय कमी पडत होतं हे कळायला अर्धं शतक गेलं. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवलं की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर सगळं ठरतं. एक जास्त झालं की मुळ्या, दुसरं जास्त झालं की फुटवे, दोन्ही सारखं असलं की नुसता पेशींचा गोळा. (यातलं पहिलं सायटोकायनिन हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या जुन्या डीएनएतून हाती लागलं होतं. वनस्पतिशास्त्राचा धागा कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.) १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षार, जीवनसत्त्वं आणि साखर यांचं एक पोषक माध्यम बसवलं. 'एमएस' नावाने ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं.

त्या माध्यमाचा हिशेब तंबाखूसाठी मांडला होता, ही गोष्ट मात्र बऱ्याचदा विसरली जाते. ज्याला त्याला तंबाखूचंच ताट वाढायचं, अशी सवय पडली. ऑर्किड, केळी, बटाटा यांनी आपापल्या परीने जुळवून घेतलं. भांगेने नाही. एमएसवर तिची पानं पिवळी पडतात, वाढ खुरटते, कधी रोप काचेसारखं पारदर्शक आणि पाणीदार होतं. दिसायला सुंदर, पण ते निकामी. २०२१ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या गटाने अनेक व्यापारी वाणांवर तुलना केली, तेव्हा डीकेडब्ल्यू नावाचं माध्यम सरस ठरलं. ते मूळचं अक्रोडासाठी बनवलेलं. त्यात कॅल्शियम कितीतरी जास्त असतं. तंबाखूचं ताट सोडून अक्रोडाचं ताट पुढे केलं, तेव्हा कुठे बाईसाहेब जेवू लागल्या.

तरीही लाडात येत नाहीत. पानाच्या तुकड्यापासून पेशींचा गोळा करायचा आणि त्या गोळ्यातून शेकडो फुटवे काढायचे, हे तंबाखूत विद्यार्थीही करतात. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या गटाने भांगेतही ते जमल्याचं २०१० मध्ये लिहिलं होतं. पुढे ग्वेल्फच्या संशोधकांनी दहा वाणांवर तीच कृती करून पाहिली: गोळे झाले, फुटवे एकालाही नाहीत. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात बोलका निकाल आहे. एका वाणाला जमलेलं दुसऱ्याला जमत नाही, हा भांगेचा खाक्या. त्यामुळे व्यवहारात सरळ मार्ग धरतात. पेरावर पानाच्या बेचक्यात जो डोळा असतो तोच वाढवायचा, त्याची काडी झाली की तिचे पेरापेरांवर तुकडे करायचे आणि पुन्हा प्रत्येक डोळा नव्या बरणीत. समजा एका फेरीत एकाची तीन रोपं झाली आणि फेरीला सहा आठवडे लागले, तर आठ फेऱ्यांनी, म्हणजे वर्षाच्या आतच, एका डोळ्याची ६,५६१ रोपं होतात. कागदावर. बरण्यांत यातला बराच वाटा गळतो.

गळतो तो मुख्यतः बुरशीने आणि जिवाणूंनी. माध्यमाला जेलीसारखं घट्ट करणारा आगर, तोही साखर घातलेला, दमट, उबदार, म्हणजे त्यांना पंगतीचं आमंत्रण. म्हणून माध्यम १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात, आणि काम गाळलेल्या हवेच्या झोताखाली चालतं. फांदीचे तुकडे जंतुनाशकात धुतात. पण काही जिवाणू झाडाच्या आतच भाडेकरू असतात. ते धुवून जात नाहीत. तीन आठवडे बरणी लख्ख दिसते आणि चौथ्यात काडीच्या बुडाशी दुधाळ वलय उमटतं. तुळशीत भांग उगवते म्हणतात. इथे भांगेतच दुसरं काही उगवतं.

आता त्या २५६ मण्यांच्या माळेचं काय? कोंबाच्या अगदी टोकाला विभाजी ऊतींचा, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा, एक घुमट असतो. सूक्ष्मदर्शकाखाली कोवळी पानं एकेक करून सोलत गेलं, की आत दवाच्या थेंबासारखा चमकणारा टिंब दिसतो. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. तिथपर्यंत अजून अन्नवाहिन्या पोचलेल्या नसतात, आणि परक्या आरएनएचा बंदोबस्त करणारी झाडाची यंत्रणाही तिथे जागी असते. त्यामुळे आख्खं झाड रोगट असलं तरी हा टिंब बऱ्याचदा निरोगी सापडतो. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी याच युक्तीने विषाणूग्रस्त डेलियातून निरोगी झाडं मिळवली होती. ओढाताण अशी, की टिंब मोठा कापला तर रोग बरोबर येतो आणि फार लहान कापला तर तो जगत नाही. व्हायरॉइड तर विषाणूंपेक्षाही चिवट, म्हणून एका तपासणीवर कुणी विसंबत नाही. महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासतात. एवढ्यातून पार पडलेलं एखादं रोप मग बरणीत, थंड जागी, हळू वाढीवर जपून ठेवतात. मदर प्लांटांनी भरलेल्या खोलीचं काम एक कपाट करतं. हजारो रोपं झटपट काढायला भांगेत आजही साध्या काड्याच परवडतात. टिश्यू कल्चरचा उपयोग या काड्या ज्या झाडावरून घ्यायच्या ते निर्मळ ठेवायला.

शेवटचा घाट बरणीबाहेरचा. आतल्या जवळपास शंभर टक्के आर्द्रतेत वाढलेल्या पानांना मेणाचा थर धड नसतो आणि पर्णरंध्रं मिटायची सवय नसते. झाकण उघडून रोप तसंच बाहेर ठेवलं तर थोड्याच वेळात मान टाकतं. म्हणून मुळ्यांवरचा आगर कोमट पाण्यात सगळा धुवायचा, कारण उरलेल्या साखरेवर बुरशी टपलेलीच असते. मग पारदर्शक घुमटाखाली ठेवून रोज थोडी थोडी झडप उघडायची. हे हार्डनिंग दोन-तीन आठवडे चालतं. बरणीत आलेली पानं बहुतेक गळतात, नवी येतात ती जाड आणि हिरवीगार. मग रोप हरितगृहात जातं, आणि तिथे पहिल्या छाटणीला कुणीतरी कात्री उचलतं.