विडंबनातून मुळाकडे: खेळकर कादंबऱ्यांची पार्श्वभूमी

जुन्या ग्रंथांशी खेळणारी कादंबरी वाचून त्या ग्रंथांकडे वळण्याची वाट किमान चारशे वर्षे जुनी आहे. १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’त गावचा धर्मगुरू आणि न्हावी नायकाची पुस्तके तपासून एकेक जाळायला काढतात; मात्र ‘आमादिस दे गाउला’ ही आपल्या प्रकारातली सर्वोत्तम कथा आहे, असे सांगून न्हावी तिला वाचवतो. वीरकथांची यथेच्छ टिंगल करणाऱ्या ग्रंथानेच त्यांतली वाचण्याजोगी कथा कोणती हेही सांगून ठेवले आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त एक मैत्रीण दुसरीला सात भयकादंबऱ्यांची नावे देते. ती नावे लेखिकेने रचली असावीत असा समज बराच काळ होता. विसाव्या शतकात अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा सातही पुस्तके खरी निघाली.

जॅस्पर फोर्डच्या ‘द एअर अफेअर’मध्ये (२००१) हा खेळ पार पुढे जातो. तिथे ‘जेन एअर’च्या हस्तलिखितातून नायिकाच पळवली जाते. शिवाय त्या जगातल्या ‘जेन एअर’चा शेवटही निराळा असतो: जेन सेंट जॉन रिव्हर्सबरोबर हिंदुस्थानात निघून जाते, आणि शार्लट ब्राँटेने १८४७ साली लिहिलेला शेवट कथेतल्या उलथापालथीनंतरच घडून येतो. मूळ कादंबरी न वाचलेल्याला यातली गंमत निम्मीच कळते, आणि उरलेल्या निम्म्यासाठी तो ब्राँटेकडे जातो.

कोल्हापूरच्या वाचकाला हा क्रम परका नाही. केशवकुमारांच्या, म्हणजे प्र. के. अत्रे यांच्या, ‘झेंडूची फुले’ या विडंबन-कवितांच्या संग्रहाने (१९२५) रविकिरण मंडळाच्या कवींची थट्टा केली, पुढे इथल्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवणारे माधव ज्यूलियन त्यांतलेच. आजच्या वाचकाच्या हाती विडंबन आधी आणि मूळ कविता नंतर येणे अगदी शक्य आहे. अर्थात त्यासाठी दोन्ही पुस्तके गावात मिळायला हवीत, आणि म्हणूनच १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाचे मोल मला फार वाटते.

कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) खेळकर नाही, पण मूळ कथेत फेरफार करण्याचे स्वातंत्र्य तिनेही घेतले आहे. तीत कच पुन्हा येतो आणि भोगात बुडालेल्या ययातीसमोर संयमाचे रूप म्हणून उभा राहतो. हे वाचून आदिपर्व उघडणाऱ्याला दिसते की तिथला कच देवयानीचा शाप घेऊन देवलोकी जातो तो कायमचाच, आणि ययाती पुरूचे तारुण्य हजार वर्षे भोगतो.